चार कोटी अंकांच्या मूळ संख्येविषयी कागदावर काय सिद्ध करता येते?

मुळाकाठ (धागाकर्ता)

ऑक्टोबर २०२४ मध्ये २^१३६२७९८४१ − १ ही संख्या मूळ असल्याचे सिद्ध झाले आणि ती सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या ठरली. (या धाग्यात घात दाखवण्यासाठी ^ हे चिन्ह वापरू.) तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. कोथरूडमध्ये आमचा एक छोटा अभ्यासगट आहे, त्यात अकरावी-बारावीची मुले आणि काही निवृत्त मंडळी एकत्र बसून गणित वाचतात. या संख्येवर बोलताना तिथे चर्चा पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीकडे वळली, ती म्हणजे संख्या छापायची तर किती पाने लागतील. पानाला तीन हजार अंक धरले तर साडेतेरा हजारांहून अधिक पाने होतात, हे खरे आहे. पण ती सगळी पाने वाचूनही संख्येविषयी काहीच कळणार नाही. तिची ओळख तिच्या रूपात आहे. दोनाचा एक घात, त्यातून एक वजा, एवढेच ते रूप आहे आणि ते इतके बोलके आहे की घातांकांचे नियम व भागाकारातील बाकी एवढ्या शालेय भांडवलावर तिच्याविषयी बरेच काही निःशंकपणे सांगता येते. ते येथे क्रमाक्रमाने मांडावे, यासाठी हा धागा.

प्रथम अंकसंख्या. २ चा लॉगॅरिदम ०.३०१०२९९९५६६ आहे. त्याला १३६२७९८४१ ने गुणले की ४,१०,२४,३१९.९४५ येतात. पूर्णांक भागात एक मिळवला की अंकांची संख्या मिळते. बारावीच्या चार अंकी लॉग टेबलवर हे जमणार नाही, कारण घातांक नऊ अंकी असल्याने निदान दहा दशांश स्थळे हाताशी हवीत. याच गुणाकारातला अपूर्णांक भाग .९४५ हा ८ च्या लॉगॅरिदमपेक्षा (.९०३) मोठा आणि ९ च्या लॉगॅरिदमपेक्षा (.९५४) लहान आहे, म्हणून संख्येचा पहिला अंक ८ आहे.

आता शेवटचे तीन अंक. २ चे घात लिहीत गेल्यास तिसऱ्या घातापासून पुढे शेवटचे तीन अंक दर शंभर घातांनी पुन्हा तेच येतात, कारण २^१०० ला १२५ ने भागल्यास बाकी १ उरते. म्हणून १३६२७९८४१ ऐवजी ४१ हा घात घेतला तरी चालते. २^४१ काढण्यासाठी पिंगलाच्या छंदःशास्त्रातली रीत वापरावी, असे मला आवर्जून सुचवावेसे वाटते. लघु-गुरूंची एकूण वृत्ते मोजण्यासाठी त्याने दोनाचा घात काढायची जी युक्ती दिली आहे, ती अशी: घात सम असेल तर निम्मा करा आणि वर्गाची खूण ठेवा, विषम असेल तर एक वजा करा आणि दुपटीची खूण ठेवा, मग खुणांवरून उलटे या. ४१, ४०, २०, १०, ५, ४, २, १ असे उतरून परत चढताना फक्त शेवटचे तीन अंक ठेवत गेलो तर २, ४, १६, ३२, ०२४, ५७६, ७७६, ५५२ असे मिळतात. त्यातून एक वजा केला की ५५१. आपली चार कोटी अंकांची संख्या ५५१ या अंकांवर संपते आणि त्यासाठी पाठकोऱ्या कागदाचा कोपरा पुरतो.

तिसरी गोष्ट नवाची बाकी. २ च्या घातांची ९ ने भागल्यावरची बाकी दर सहा घातांनी परत येते. १३६२७९८४१ ला ६ ने भागल्यास ५ उरतात. २^५ म्हणजे ३२, त्याची नवाची बाकी ५, एक वजा केल्यावर ४. म्हणजे या संख्येच्या सगळ्या अंकांची बेरीज कोणी केली, तर तिला ९ ने भागल्यावर ४ उरलेच पाहिजेत. गणिती कापरेकर फर्ग्युसनचे विद्यार्थी, त्यामुळे आमच्या गटात अंकांच्या गमतींचा विषय निघाला की ६१७४ हा त्यांचा स्थिरांक हमखास निघतो (सगळे अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिल्यास शेवटी ६१७४ च येतात). मात्र ६१७४ चे वैशिष्ट्य दशमान लेखनावर उभे आहे आणि या संख्येचे मूळपण कोणत्याही लेखनपद्धतीवर अवलंबून नाही, हा फरक लक्षात घ्यावा. फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत मात्र ती विलक्षण देखणी दिसते, कारण तिथे ती म्हणजे ओळीने लिहिलेले १३,६२,७९,८४१ एकक.

घातांक मूळच का असावा लागतो, हेही येथेच सांगतो. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे तांदळाचे दाणे ठेवत गेल्यास एकूण दाणे २^६४ − १ होतात, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ही संख्या १८४४६७४४०७३७०९५५१६१५ अशी वीस अंकी असली तरी ती संयुक्त आहे हे तिचा एकही अंक न पाहता सांगता येते, कारण ६४ चे जे विभाजक, त्यांच्या घातांतून येणाऱ्या २^२ − १, २^४ − १, २^८ − १ या सर्व संख्या तिला निःशेष भागतात. त्याचप्रमाणे २^१५ − १ म्हणजे ३२७६७ ला ७ (२^३ − १) आणि ३१ (२^५ − १) या दोघांनी भाग जातो. घातांक संयुक्त असला की संख्या संयुक्तच. मूळपण सिद्ध करण्याची कसोटी मात्र जाणकारांनी सविस्तर समजावून द्यावी, अशी विनंती आहे.

अकरावी_विज्ञान

मुळाकाठ सर, घातांक संयुक्त असला की संख्या संयुक्त, हे समजले. पण मग घातांक मूळ असला की संख्या मूळ, असे का म्हणता येत नाही? २, ३, ५, ७ हे घात घेऊन मी ३, ७, ३१, १२७ मिळवले आणि चारही संख्या मूळ आहेत.

शेषफल

आपण पुढचाच घात घेऊन पाहावा. २^११ − १ म्हणजे २०४७ आणि २०४७ म्हणजे २३ × ८९. पहिल्या चार उदाहरणांवरून नियम बांधण्याचा मोह अगदी स्वाभाविक आहे. मारँ मर्सेन या फ्रेंच पाद्र्याने १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या घातांकांची जी यादी दिली, तिच्यात ६७ आणि २५७ हे चुकीचे आले, तर ६१, ८९ आणि १०७ राहून गेले. तरीही या प्रकारच्या संख्यांना आज त्याचेच नाव आहे.

२३ आणि ८९ यांच्याकडे नीट पाहा. २३ म्हणजे २ × ११ + १ आणि ८९ म्हणजे ८ × ११ + १. हा योगायोग नव्हे. p हा विषम मूळ घातांक असून q ही विषम मूळ संख्या २^p − १ ला भागत असेल, तर २^p ची q ने भागल्यावरची बाकी १ असते. p मूळ असल्यामुळे त्याहून लहान कोणत्याही घाताला ही बाकी १ येऊ शकत नाही. फर्माच्या प्रमेयानुसार २^(q−१) ची बाकीही १ असते, म्हणून q − १ ही p च्या पटीत असलीच पाहिजे. q − १ सम असल्याने q चे रूप २kp + १ असे ठरते (k ही कोणती तरी पूर्ण संख्या). शिवाय q ला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च उरते, असाही एक निर्बंध आहे.

हे निर्बंध किती कामाचे आहेत, ते पाहा. २^६७ − १ संयुक्त असल्याचे एदुआर लुकास यांनी १८७६ मध्ये दाखवले, पण तिचे विभाजक त्यांना मिळाले नव्हते. ते १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी दिले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. यातल्या पहिल्या विभाजकातून एक वजा करून १३४ ने भागून पाहावे, उत्तर नेमके १४४५५८० येते. आपल्या संख्येला हाच निकष लावल्यास २p + १ ची आठाची बाकी ३ आणि ४p + १ ची ५ येते, म्हणून ते दोन्ही बाद होतात. तपासण्याजोगा पहिला उमेदवार ६p + १ म्हणजे ८१,७६,७९,०४७ आहे. एक्क्याऐंशी कोटींच्या आत या संख्येचा एकही विभाजक असू शकत नाही, हे भागाकार न करता ठरते.

आता मुख्य कसोटी. ती लुकास यांनी मांडली आणि डेरिक हेन्री लेमर यांनी १९३० मध्ये आजच्या नेटक्या रूपात आणली. ४ पासून सुरुवात करावी. दर वेळी वर्ग करावा, २ वजा करावेत आणि २^p − १ ने भागून बाकी ठेवावी. असे p − २ वेळा केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही आली तर संयुक्त. p विषम मूळ असला की ही कसोटी दोन्ही बाजूंनी अचूक आहे. p = ५ घेऊ, म्हणजे संख्या ३१. ४ चा वर्ग वजा २ म्हणजे १४. १४ चा वर्ग वजा २ म्हणजे १९४, त्याची बाकी ८. ८ चा वर्ग वजा २ म्हणजे ६२, बाकी शून्य. तीन पायऱ्यांत ३१ मूळ ठरली. २०४७ वर हीच कसोटी चालवली तर शेवटी १७३६ उरतात. म्हणजे २०४७ संयुक्त असल्याचे सिद्ध होते, पण २३ आणि ८९ चा मागमूसही त्यात दिसत नाही. २^६७ − १ बाबत लुकास नेमके याच स्थितीत होते. त्यांनी १८७६ मध्येच २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या हाताने मूळ ठरवली आणि ती पुढे पाऊण शतक सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या राहिली.

हिंजवडी_फेज_दोन

शेषफल यांच्या प्रतिसादाला जोडून गणनयंत्राच्या बाजूने दोन गोष्टी लिहितो.

आपल्या संख्येसाठी कसोटीच्या १३,६२,७९,८३९ पायऱ्या होतात आणि प्रत्येक पायरीत चार कोटी अंकांपर्यंतच्या संख्येचा वर्ग करून तितक्याच मोठ्या संख्येने भागायचे असते. यातला भागाकार प्रत्यक्षात करावाच लागत नाही. नवाची बाकी काढताना आपण अंकांची बेरीज करतो, कारण १०, १००, १००० या सर्वांची नवाची बाकी १ असते. इथे ९ च्या जागी २^p − १ आणि १० च्या जागी २^p आहे, एवढाच फरक. p = १३ चे उदाहरण घेतो. संख्या ८१९१ आणि २^१३ म्हणजे ८१९२. कसोटीत ३७६३४ ची बाकी हवी आहे. ३७६३४ म्हणजे ४ × ८१९२ + ४८६६, म्हणून बाकी ४ + ४८६६ = ४८७०. द्विमान लेखनात हे करायचे तर शेवटचे तेरा अंक एकीकडे, उरलेले दुसरीकडे, आणि दोघांची बेरीज. मर्सेन संख्यांच्या शोधात हा गुण निर्णायक ठरतो. विक्रमी मूळ संख्या बहुतेक वेळा याच कुळातल्या का निघतात, याचे मोठे कारण ही कसोटी आणि ही फुकट मिळणारी बाकी, या दोहोंत आहे.

दुसरी गोष्ट गुणाकाराची. शालेय पद्धतीने चार कोटी अंकांच्या एका वर्गासाठी सोळाशे लाख कोटींहून अधिक एक-अंकी गुणाकार करावे लागतील, आणि असे वर्ग साडेतेरा कोटींहून जास्त आहेत. त्याऐवजी संख्येचे तुकडे करून त्यांचे फुरिये रूपांतर घेतात (म्हणजे तुकड्यांची मालिका लहरींच्या बेरजेच्या रूपात मांडतात), रूपांतरित तुकड्यांचे प्रत्येकी वर्ग करतात आणि उलट रूपांतराने परत येतात. १९९४ मध्ये रिचर्ड क्रँडल आणि बॅरी फॅगिन यांनी अशी मांडणी दिली की २^p − १ ची बाकी या रूपांतरातच आपोआप निघते. आजचा सगळा शोध या मांडणीवर उभा आहे.

निवृत्त_तपासनीस

माझे सगळे आयुष्य बँकेत दुसऱ्यांचे हिशोब तपासण्यात गेले, त्यामुळे माझा प्रश्न वेगळा आहे. साडेतेरा कोटी पायऱ्यांत एका ठिकाणी एक अंक चुकला तरी शेवटची बाकी चुकीची येणार. शिवाय आपण सांगता त्या फुरिये पद्धतीत दशांश अपूर्णांक वापरून शेवटी जवळच्या पूर्णांकाला आणतात, असे मी वाचले आहे. मग या उत्तरावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा?

हिंजवडी_फेज_दोन

काका, आपला प्रश्न या विषयाच्या गाभ्याला हात घालणारा आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

पहिली गोष्ट अशी की चुकीचे उत्तर दोन प्रकारचे असू शकते आणि त्या दोघांचे वजन सारखे नाही. मधे कुठे चूक झाली तर शेवटची बाकी जवळपास कोणतीही येऊ शकते. चार कोटी अंकांच्या अवाढव्य पसाऱ्यातून ती चुकून नेमकी शून्यच यावी, ही शक्यता नगण्य आहे. धोका उलट दिशेने आहे, तो म्हणजे खरोखर मूळ असलेली संख्या चुकीमुळे संयुक्त ठरून हातची निसटण्याचा.

त्यासाठी आज काम दोन टप्प्यांत चालते. ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च हा जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला प्रकल्प प्रत्येक उमेदवार संख्या N वर आधी फर्माची कसोटी चालवतो, म्हणजे ३^(N−१) ची N ने भागल्यावरची बाकी १ येते का, ते पाहतो. ही कसोटी उत्तीर्ण होणे म्हणजे सिद्धता नव्हे. ९१ ही संख्या ७ × १३ असूनही ३^९० ची ९१ ने भागल्यावरची बाकी १ च येते. असे असूनही तिला आधी स्थान मिळते, कारण २०१७ मध्ये रॉबर्ट गेर्बिच यांनी दाखवलेली एक पडताळणी तिच्यात चपखल बसते. या कसोटीत वर्गामागून वर्ग एवढेच काम असल्यामुळे मधल्या काही ठरावीक बाक्यांचा गुणाकार दोन स्वतंत्र मार्गांनी काढून जुळतो का, हे अधूनमधून पाहता येते; जुळला नाही तर मागच्या जुळलेल्या जागेपासून पुन्हा सुरुवात करायची. आपल्या भाषेत सांगायचे तर वर्षअखेरीची वाट न पाहता खाते रोजच्या रोज जुळवून पुढे जायचे. लुकास–लेमर कसोटीत दर पायरीला २ वजा होत असल्याने ही सोय तशी बसत नाही.

प्रस्तुत संख्येबाबत ११ ऑक्टोबर २०२४ रोजी डब्लिनमधल्या एका ग्राफिक प्रोसेसरने ती बहुधा मूळ असल्याचे कळवले आणि दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ येथील दुसऱ्या प्रोसेसरने लुकास–लेमर कसोटी पूर्ण करून शून्य बाकी मिळवली. त्यानंतर वेगवेगळ्या आज्ञावली आणि वेगवेगळी यंत्रे वापरून तीच कसोटी पुन्हा चालवण्यात आली आणि २१ ऑक्टोबरला घोषणा झाली. शोधकर्ते ल्यूक ड्युरंट यांनी अनेक देशांतल्या संगणक केंद्रांमधले ग्राफिक प्रोसेसर वापरले होते. त्यापूर्वी अठ्ठावीस वर्षे या प्रकल्पातले शोध घरगुती किंवा कार्यालयीन संगणकांवर लागत आले होते.

निवृत्त_तपासनीस

समाधान झाले. दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या वह्यांत केलेला हिशोब जुळला, तर तो मी नेहमीच मान्य केला आहे.

पेठेतील_वाचक

या संख्येचा बँकेच्या व्यवहारांच्या सुरक्षिततेसाठी उपयोग होतो, असे कुठे कुठे लिहिलेले दिसते. ते योग्य आहे का?

मुळाकाठ (धागाकर्ता)

योग्य नाही. सांकेतिक लेखनाच्या आरएसए पद्धतीत सामान्यतः तीनशेच्या आसपास अंकांच्या दोन मूळ संख्या घेतात आणि त्या गुप्त ठेवतात. जगाला माहीत असलेली संख्या तिथे निरुपयोगी आहे. मर्सेन कुळातल्या एका जुन्या सदस्याचा मात्र रोजचा वापर आहे: पायथॉन भाषेत यादृच्छिक संख्या निर्माण करणाऱ्या यंत्रणेचे आवर्तन २^१९९३७ − १ इतके लांब असते.

उपयोगापेक्षा मला दुसरा एक संबंध अधिक मोलाचा वाटतो. युक्लिडने सिद्ध केले होते की २^p − १ मूळ असेल, तर २^(p−१) × (२^p − १) ही संख्या परिपूर्ण असते, म्हणजे स्वतःखेरीज उरलेल्या सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी असते. ७ पासून २८ मिळतात आणि १ + २ + ४ + ७ + १४ = २८. ऑयलरने पुढे दाखवले की प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच रूपाची असते. म्हणून त्या ऑक्टोबरमध्ये एका मूळ संख्येबरोबर एक परिपूर्ण संख्याही हाती आली.

अकरावी_विज्ञान

या संख्येच्या आधीच्या सगळ्या मूळ संख्या आता माहीत आहेत, असे समजायचे का?

शेषफल

मुळीच नाही. एवढ्या मोठ्या संख्यांच्या परिसरात सरासरीने साडेनऊ कोटी संख्यांमागे एक मूळ संख्या असते, हे मूळ संख्यांच्या प्रमेयावरून निघते. त्यासाठी फक्त संख्येचा नैसर्गिक लॉगॅरिदम काढावा लागतो. म्हणजे तिच्याहून लहान अशा अगणित मूळ संख्या आहेत आणि त्यांपैकी बहुतेक कोणीही पाहिलेल्या नाहीत. मर्सेन कुळापुरते बोलायचे तर ही ज्ञात असलेली बावन्नावी आहे. क्रमाने ती बावन्नावीच आहे असे म्हणण्यासाठी मधले सर्व मूळ घातांक दोनदा तपासून व्हावे लागतील. मर्सेन मूळ संख्या अनंत आहेत की नाहीत, हा प्रश्न तर अजून खुलाच आहे.

आपण अकरावीत आहात, तर एक गोष्ट स्वतः करून पाहावी. p = १३ साठी कसोटी पूर्ण चालवल्यास बाक्या अशा येतात: ४, १४, १९४, ४८७०, ३९५३, ५९७०, १८५७, ३६, १२९४, ३४७०, १२८, ०. शून्याच्या आधीची बाकी तेवढी न्याहाळावी आणि p = ७ साठीही हेच करून पाहावे.

अकरावी_विज्ञान

सर, करून पाहिले. १३ साठी शून्याच्या आधी १२८ येतात, म्हणजे २^७. ५ साठी ८ येतात, म्हणजे २^३. पण ७ साठी ४, १४, ६७, ४२, १११, ० असे आले आणि १११ हा दोनाचा घात नाही.

शेषफल

१२७ मधून १११ वजा करून पाहावे. १६ उरतात, म्हणजे २^४. बाकीच्या हिशोबात १११ आणि −१६ एकच.

कारण सोपे आहे. शेवटी शून्य यायचे तर त्याआधीच्या बाकीच्या वर्गाची बाकी २ असली पाहिजे. आता २^p ची बाकी १ असल्याने २^(p+१) ची बाकी २ होते आणि p + १ सम असल्याने २^((p+१)/२) हे २ चे एक वर्गमूळ ठरते. मूळ संख्येने भागताना वर्गमुळे दोनच असतात, एक हे आणि दुसरे याचे ऋण. म्हणून संख्या मूळ असेल तर उपांत्य बाकी या दोघांपैकी एक असलीच पाहिजे. p = १३ ला (p+१)/२ म्हणजे ७, p = ५ ला ३ आणि p = ७ ला ४, हे आपल्या आकड्यांशी जुळते.

आपल्या मोठ्या संख्येसाठी (p+१)/२ म्हणजे ६,८१,३९,९२१. तेव्हा सॅन अँटोनिओच्या यंत्रात शून्य येण्यापूर्वीच्या पायरीला जी बाकी होती, ती द्विमान पद्धतीत एक तर १ आणि त्यापुढे ६,८१,३९,९२१ शून्ये अशी असणार, नाही तर सर्व एकक आणि त्यांत नेमके एकच शून्य अशी. त्या यंत्रातला एकही अंक न पाहता हे कागदावर सिद्ध होते.